दवडलेला गुण

मिसेस प्रूएटनं डाव्या दंडाभोवती टेप गुंडाळली, आकडा वहीत टिपला, मग उजव्या दंडाभोवती गुंडाळली आणि दर वर्षीसारखीच मान हलवली. "सव्वा इंच," ओठांत धरलेल्या टाचण्या सांभाळत ती म्हणाली. "मला दर वर्षी वाटतं, यंदा तरी या दोन हातांचा समेट होईल. पण नाव नको." एनिड पार्फिट आरशासमोर दोन्ही हात पसरून उभी होती. थंडीचा कोट शिवायचा होता. जुन्याचं अस्तर पार विटलं होतं. आरशात एकेचाळीस वर्षांची एक उंच, हाडापेरानं रुंद बाई दिसत होती आणि तिचा एक दंड दुसऱ्याहून सव्वा इंचानं मोठा होता. टेनिस सोडून सात वर्षं झाली होती. सगळं सुटलं, दंड तेवढा राहिला, असं मनात येऊन तिला थोडं हसू आलं. तेवढ्यात मिसेस प्रूएट पाठीमागे जाऊन खांदा मोजता मोजता म्हणाली, "माझ्याकडे आणखी एक बाई आहेत अशा. बार्न्सला. त्यांचाही उजवा दंड इंचभर मोठा. म्हणजे होता. उन्हाळ्यात त्यांची बाही आत घेतली, सप्टेंबरात पुन्हा घेतली, आणि परवा जाऊन मोजलं तर दोन्ही हात अगदी सारखे. त्यासुद्धा म्हणे तुमच्यासारख्या खेळायच्या. मिसेस लेडबिटर."

एनिडनं हात खाली घेतले नाहीत. मोजून झालं होतं, मिसेस प्रूएट वही मिटून पेन्सिल केसांत खोचत होती, तरी ती तशीच हात पसरून उभी राहिली. मिसेस लेडबिटर म्हणजे हेस्टर, आणि हेस्टर तर सिलोनला होती. गेली दहा वर्षं ती सिलोनला होती, चहाच्या मळ्यावर, आणि एनिडच्या मनात तिचं एकच चित्र होतं: डोंगरउतारावर, मोठी हॅट घातलेली, पाठमोरी. त्या पाठमोऱ्या चित्राशी तिनं एक प्रकारे संसार थाटला होता. "आजारी आहेत का त्या?" तिनं विचारलं. "पोटाचं काहीतरी आहे," मिसेस प्रूएट म्हणाली. "एप्रिलात बोटीनं आणलं आणि नणंदेच्या घरी ठेवलंय. नवरा तिकडेच, मळा कोण बघणार. आम्ही काही विचारत नाही हो बाई, आम्ही आपलं मोजतो." आणि मग जरा थांबून, "घ्या ना हात खाली. दमाल."

रस्त्यावर नोव्हेंबरची दुपार होती. दिवस होता म्हणायचं एवढंच. दुकानांत दिवे लागले होते, भाजलेल्या चेस्टनटांचा जळका गोडसर वास आणि ओल्या लोकरीचा वास एकमेकांत मिसळून फुटपाथवर साचला होता. एनिडला खरं तर कचेरीत परत जायचं होतं. निवृत्त नर्सेसच्या एका मदतसंस्थेत ती पत्रव्यवहार बघायची आणि तिथल्या सगळ्याजणी तिच्याशी जपून, आदरानं वागायच्या. नवीन कुणी आलं की ओळख ठरलेली: 'या मिस पार्फिट. तो गुण सोडला होता ना, त्या.' तीन वेळा ती इंग्लंडची विजेती झाली होती. ते कुणी म्हणत नसे. लोकांना तो एक गुण तेवढा आठवायचा, आणि नवीन आलेल्या बाईचे डोळे त्या आठवणीनं मऊ व्हायचे. मग एनिड समोरचे कागद नीट करायला लागायची. दहा वर्षांत हे इतक्यांदा झालं होतं की आता तिला लाजसुद्धा वाटत नसे, नुसता दातांत काहीतरी अडकल्यासारखा त्रास व्हायचा. ती कोपऱ्यावर उभी राहिली. हॅमरस्मिथची बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. आपण जायचं की नाही हे ठरवतोय असं तिला वाटत होतं, पण ते खरं नव्हतं. जायचं हे टेप अंगावर असतानाच ठरलं होतं. आता फक्त तिथे जाऊन काय बोलायचं हे ठरत होतं, आणि तेही एकच होतं. हेस्टर जायच्या आत तिला खरं सांगायचं. तो चेंडू बाहेर होता. मला बाहेर दिसला होता. मी मुद्दाम दिला. तिसऱ्या बसमध्ये ती चढली आणि वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर जाऊन बसली.

गुण कसा द्यायचा हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. ते डॉर्सेटमधल्या एका लहानशा गावचे पाद्री, प्रवचनात कच्चे आणि टेनिसमध्ये पक्के. चर्चमागच्या हिरवळीवर ते स्वतः रोलर फिरवायचे, शनिवारी दुपारी चुन्याच्या रेषा मारायचे, आणि रविवारी त्यांच्या बुटांवरचा चुना सगळ्या गावाला प्रार्थनेच्या वेळी दिसायचा. त्यांचं म्हणणं असं, की पंचाशी वाद घालणं हे मोलकरणीसमोर नवराबायकोनं भांडण्याइतकं वाईट. पण पंच चुकतो, आणि कधी कधी आपल्या फायद्याचा चुकतो. समोरच्याचा चेंडू आत पडलेला आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो आणि पंच ओरडतो बाहेर. अशा वेळी करायचं काय? तोंडातून शब्द काढायचा नाही. पुढचा गुण दवडायचा. चेंडू जाळ्यात मारायचा, हिशेब मिटला, खेळ पुढे सुरू. सगळे चांगले खेळाडू असंच करायचे. कुणी कुणाला शिकवल्याचं आठवत नसे, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. "पण फार सफाईनं दवडू नकोस पोरी," वडील म्हणायचे. "उगीच आभाळात भिरकावून आपली थोरवी गाऊ नये. साधा चुकल्यासारखा चुकव." बारा वर्षांची एनिड संध्याकाळपर्यंत त्या हिरवळीवर चेंडू साधेपणानं चुकवण्याचा सराव करायची. आई खिडकीतून ओरडायची, "अहो, पोरीला आधी जिंकायला तर शिकवा." तेही तिला जमलं. महायुद्ध संपल्यावर दुसऱ्याच वर्षी ती लंडनला आली, कॉर्सेट न घालता आणि पोटऱ्या दिसतील असा स्कर्ट घालून खेळली, वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली आणि गर्दी मात्र कोर्टाबाहेरच्या झाडांवर चढली. पहिलं विजेतेपद मिळालं तेव्हा वडील तीन दिवस कुणाशी काही बोलले नाहीत, फक्त हिरवळीवर रोलर फिरवत राहिले.

बस पुलावर चढली. खाली नदी ओहोटीची, चिखलाची, वल्हवणाऱ्या पोरांची एक लांब नाव हळूहळू चालली होती. हेस्टरला पाण्याची भीती वाटायची. अमेरिकेला जाताना सहा दिवस ती केबिनमधून बाहेर पडली नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि एनिडला म्हणायची, "तू वर जा गं, माझ्यापायी तुझा समुद्र फुकट घालवू नकोस." एनिड जायची नाही. हेस्टर ब्लंडेल. दुहेरीत सात वर्षं एनिडच्या डाव्या बाजूला उभी राहिलेली. हेस्टर सुंदर नव्हती. नाक मोठं, आवाज घोगरा, आणि हसायला लागली की थांबता येत नसे. परगावच्या सामन्यांना दोघी एका खोलीत उतरायच्या. हेस्टर संध्याकाळी बेसिनमध्ये दोघींचे मोजे धुवायची आणि खिडकीच्या कडीला वाळत घालायची. सामन्याच्या दिवशी सकाळी तिला न चुकता उलटी व्हायची आणि त्यानंतर ती दोन अंडी खायची. एनिड एकटी राहायला लागल्यावर तिला सगळ्यांत जास्त कशाची सवय करावी लागली असेल तर ती खिडकीच्या रिकाम्या कडीची. हे प्रेम होतं का? तसा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नसे, स्वतःला तर नाहीच. एवढं खरं, की हेस्टर खोलीत असली की एनिडला आपण कुठे आहोत ते नीट कळायचं. आणि हेस्टरनं एकेरीत कधी काही जिंकलं नाही. तीन वेळा अंतिम सामन्यात आली, तिन्ही वेळा हरली, त्यांतल्या दोन वेळा एनिडकडूनच. हरल्यावर जाळ्यापाशी येऊन म्हणायची, "काय बाई तरी तू. जरा तरी लाज." आणि खोलीवर गेल्यावर नळ मोठा सोडून रडायची. नळ सोडलेला एनिडला ऐकू यायचा.

मग ते वर्ष आलं. हिवाळ्यात एनिडचे वडील गेले. वसंतात हेस्टरनं सांगितलं, की तिचं ठरलंय, मिस्टर लेडबिटर म्हणून आहेत, चहाचा मळा आहे, सप्टेंबरात लग्न आणि ऑक्टोबरात बोट. "तेहतीस वर्षांची झाले मी," ती म्हणाली. "आता काय जन्मभर तुझ्या डाव्या बाजूला उभी राहू?" एनिड म्हणाली, "छान झालं." त्या उन्हाळ्यात दोघी पुन्हा अंतिम सामन्यात समोरासमोर आल्या. तिसरा, शेवटचा सेट. एनिड पाच-चार अशी पुढे, आणि त्या गेममध्ये दोघी बरोबरीत. हेस्टरनं तिचा तो लांब, सपाट बॅकहँड मारला आणि चेंडू एनिडच्या उजव्या रेषेशी पडला. रेषेवर मिस्टर टॅपस्कॉट बसले होते, निवृत्त शिक्षक, गवती हॅट, गुडघ्यांवर हात. ते ओरडले, बाहेर. चेंडू बाहेरच होता. रेषेच्या पलीकडे दोन बोटं, हिरवळीवर पडला, आणि रेषेचा चुना जागचा हलला नाही. एनिड त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. आता एक गुण मिळाला, की चौथं विजेतेपद. तिनं वर पाहिलं. जाळ्यापलीकडे हेस्टर कपाळावरचा घाम मनगटानं पुसत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर चौथ्यांदा हरणाऱ्या माणसाचं एक ओशाळं हसू आधीच येऊन बसलं होतं. ते हसू एनिडला सहन झालं नाही. एवढंच झालं. पुढे तिनं या गोष्टीला पुष्कळ कारणं लावून पाहिली, वडील गेले होते, जिंकण्यातली चव गेली होती, हेस्टर जाणार होती. पण ती सगळी मागाहूनची. हेस्टर जिंकावी असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं, आणि कुणाला काही दान न देता देता येईल अशी एक रीत हाताशी होती. तिनं मिस्टर टॅपस्कॉटकडे पाहून किंचित भुवया उंचावल्या. पुढची सर्व्हिस आली आणि तिनं ती जाळ्यात मारली.

आधी सगळीकडून हाय झाली. मग लोकांना उमगलं, आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या इतका वेळ चालल्या की पंचाला खुर्चीतून हात वर करावा लागला. एनिडला वाटलं होतं, एक गुण द्यावा आणि पुढे खरं खेळावं. पण टाळ्यांनंतर तिचा हात तिचा राहिला नाही. तो गेम गेला, पुढचा गेला, त्याच्या पुढचाही गेला. जाळ्यापाशी हेस्टरचा हात थंड आणि ओला होता. ती 'काय बाई तरी तू' म्हणाली नाही. "थँक्यू, एनिड," एवढंच म्हणाली, आणि एनिडच्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघून म्हणाली. रात्रीच्या मेजवानीला डोकं दुखतं म्हणून आली नाही. एनिडला तेव्हाच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं: हेस्टरनं चेंडू बाहेर पडताना पाहिलाय. तिला समजलंय की आपल्याला भीक घातली. हेस्टरसारख्या मानी बाईला याहून मोठा अपमान कुठला? तिनं लग्नाला भेट म्हणून चांदीची चहादाणी पाठवली, तिचं छापील आभारपत्र आलं. सिलोनला एक पत्र पाठवलं, त्याला उत्तर आलं नाही. दुसरं पाठवायची हिंमत तिला झाली नाही. आणि मिस्टर टॅपस्कॉटना पुढल्या वर्षापासून कुणी रेषेवर बोलावलं नाही. त्यांचंच पत्र आलं, सुवाच्य अक्षरात, की त्या दिवशीच्या माझ्या चुकीमुळे आपलं विजेतेपद गेलं, माझी नजर आता भरवशाची राहिली नाही हे मला आपल्यामुळे वेळीच समजलं, क्षमा असावी. स्वतःच्या धडधाकट डोळ्यांपेक्षा त्यांनी तिच्या भुवयांवर विश्वास ठेवला होता. त्या पत्राला एनिडनं कधी उत्तर दिलं नाही. तीन वर्षांनी त्यांच्या मृत्यूची चार ओळींची बातमी तिनं वाचली, आणि त्याच उन्हाळ्यात रॅकेट कायमची ठेवून दिली. लोकांना सांगितलं, गुडघा.

बार्न्सला ती उतरली तेव्हा तीन वाजत आले होते. तळ्याकाठी ओली पानं झाडून ढीग केले होते आणि एक ढीग कुणीतरी पेटवायचा प्रयत्न करून सोडून दिला होता. मिसेस प्रूएटनं सांगितलेलं घर सापडायला वेळ लागला नाही. दार नणंदेनं उघडलं, मिस लेडबिटर, बारीक, खांद्यावर शाल, हातात बार्लीच्या पाण्याचा पेला. एनिडनं नाव सांगितलं तशी ती बाई जागच्या जागी थांबली. "तुम्ही," ती म्हणाली. "एप्रिलपासून रोज म्हणतेय मी वहिनीला, की मिस पार्फिटना कळवू या का. तर म्हणते, खबरदार." एनिड पायपुसण्यावर उभी होती. खबरदार. म्हणजे आपण समजत होतो तेच. तिला उलट फिरावंसं वाटलं, आणि तिनं हातमोजे काढायला सुरुवात केली. "पण आता आलाच आहात तर वर चला," मिस लेडबिटर म्हणाली. "मी काही विचारायला जात नाही. विचारलं तर नाहीच म्हणेल. फार वेळ बसू नका, आणि खातेय का असं विचारू नका. सगळे तेच विचारतात."

खोली वरच्या मजल्यावर, बागेकडची. शेगडीत कोळसा होता, तरी हवेत औषधाचा आणि शिळ्या फुलांचा वास. उशांच्या राशीत एक लहान तोंड होतं आणि त्यावर हेस्टरचं मोठं नाक होतं. नाकावरून ओळख पटली. हेस्टरनं तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्याच घोगऱ्या आवाजात, फक्त खूप हळू, म्हणाली, "टोपी तरी काय घातलीस ही. कुणी विकली तुला?"

"सेलमध्ये होती."

"तरीच." आणि मग, "बस. तिथे नको, उजेडात बस. तुझं तोंड दिसू दे."

एनिड खुर्ची ओढून बसली. बसमध्ये जुळवलेली वाक्यं तिच्याजवळ होती, तीन लहान वाक्यं. हेस्टर, मला काही सांगायचंय, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि हेस्टरनं पांघरुणावरचा हात उचलून तिला थांबवलं. त्या हाताकडे एनिडला बघवलं नाही.

"मी आधी," हेस्टर म्हणाली. "माझ्यात दम थोडा आहे, तू नंतर बोल. मला वाटलं होतं हे न सांगताच निभेल. बोटीवर सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून हेच ठरवत होते. तुला कळवू नका म्हणून मीच बजावलं होतं वन्संना. तुझ्यासमोर तोंड काय घेऊन येऊ?" ती थांबली, श्वास घेतला. "एनिड, तो चेंडू बाहेर होता."

शेगडीत एक कोळसा फुटला.

"तुला आत दिसला," हेस्टर म्हणाली. "तू तशीच आहेस. समोरच्याचं ते सगळं तुला आतच दिसायचं. पण मी बघत होते. बाहेर पडला, दोन बोटं. तो बिचारा मास्तर बरोबर होता. आणि तू पुढचा गुण जाळ्यात मारलास. तेव्हा मी काय करायला हवं होतं? सांग ना. मला ठाऊक होतं की बाहेर आहे, मग तुझा गुण तुला परत करायला हवा होता. पुढचा चेंडू मी जाळ्यात मारायचा. कुणीही मारला असता. शाळेतल्या पोरीनं मारला असता. मी चेंडू हातात घेऊन उभी होते, टाळ्या चालल्या होत्या, आणि मी म्हटलं, हा गेम संपला की मारू. मग म्हटलं, पुढच्यात. आणि मग जिंकलेच." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत कानाकडे चाललं होतं, पण ते पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं. "तुझ्या प्रामाणिकपणाचा खिसा कापला मी. जिंकलेला तो चांदीचा थाळा मी सिलोनला नेला नाही, आईकडे ठेवला. तू पत्र पाठवलंस, आणि त्यात एक अवाक्षर नाही, सगळं हवापाणी. मला वाटलं, ही मला ओळखून आहे आणि वर इतकी चांगली वागतेय. उत्तर लिहायला बसायची मी. रविवारी दुपारी तिकडे काहीच काम नसतं. तेरा-चौदा लिहिली असतील. फाडली."

एनिडला आपले गुडघे दिसत होते, त्यांवरचे हातमोजे दिसत होते. आणलेली तीन वाक्यं अजून तोंडातच होती. ती म्हटली की हेस्टर चोर राहणार नव्हती. जे दिलेलं आहे ते चोरलेलं कसं? पण मग ती काय राहणार होती? जन्मात एकदा जिंकलेली बाई, आणि तीही मैत्रिणीला दया आली म्हणून. आणि न बोलावं, तर जे थोडे दिवस आता उरलेत ते तिनं खिसेकापू म्हणून काढायचे. दोन्ही हातांत काहीच चांगलं नव्हतं. हे सगळं तिच्या मनातून एका श्वासात गेलं, आणि हेस्टरनं विचारलं, "तुला खरंच आत दिसला ना? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

"आतच होता," एनिड म्हणाली.

"नाही गं."

"मी हातभर अंतरावर होते, हेस्टर. तू जाळ्यापलीकडे, पार मागच्या रेषेवर, डोळ्यांत घाम. तू काय बघणार? चुना उडाला. माझ्या बुटावर पडला. रात्री बूट साफ करताना मी तो ब्रशानं झाडला." ती बोलत गेली, आणि इतक्या सहज बोलत गेली की तिचं तिलाच नवल वाटलं. "मास्तरांची नजर गेली होती. त्यांनी तसं मला स्वतः लिहून कळवलं. पत्र आहे माझ्याकडे, हवं तर आणून दाखवते."

हेस्टर तिच्याकडे बघत राहिली. पत्राचं ऐकून तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटलं, कपाळ सैल झालं, आणि क्षणभर तिथे ती जुनी घोगरी मुलगी आली. "चुना उडाला," ती म्हणाली. "म्हणजे मी जिंकले."

"जिंकलीसच. पुढचे तीन गेम तू मला धड उभं राहू दिलं नाहीस."

हेस्टर हसली. हसता हसता खोकला आला, एनिडनं उठून तिला धरलं, पाणी पाजलं, उशी नीट केली. पाठीची हाडं हाताला लागली. पुन्हा टेकल्यावर हेस्टर डोळे मिटून पडली. एनिडला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडताच ती म्हणाली, "मग मी दहा वर्षं तुझ्यापासून कशाला पळत होते गं?"

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. खोटं बोलताना तिनं हेस्टरला जिंकून दिलं होतं, पण त्याचबरोबर तिची दहा वर्षं उगीच ठरवली होती. त्या सगळ्या रविवारच्या दुपारी, फाडलेली पत्रं, सगळं एका न घडलेल्या गोष्टीपायी. अजून खरं सांगता आलं असतं. आता या घटकेला ते क्रूरपणाचं झालं असतं.

"आणि तू?" हेस्टर म्हणाली. "तुझ्या मनात तर काही नव्हतं. तू का नाही आलीस? निदान दुसरं पत्र?"

"मला वाटलं, तुला मी नको आहे," एनिड म्हणाली. त्या दुपारी ती एवढंच एक खरं बोलली.

हेस्टरनं डोळे उघडले आणि तिचा हात चाचपून धरला. मिस लेडबिटर दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत खाली गेली. निघताना हेस्टर म्हणाली, "उद्या ये. ती टोपी घालून येऊ नकोस."

एनिड रोज गेली, तेवीस दिवस. कचेरीत तिनं खोटं सांगितलं नाही, मैत्रीण आजारी आहे म्हणाली, आणि बायकांचे डोळे पुन्हा मऊ झाले. दोघी कशाकशाबद्दल बोलल्या; बोटीबद्दल, मोज्यांबद्दल, हेस्टरच्या नवऱ्याबद्दल, जो चांगला होता आणि जेवताना बोलत नसे. पण रोज केव्हा ना केव्हा हेस्टर म्हणायची, "सांग ना परत. कसा पडला?" आणि एनिड सांगायची. ऊन कुठून येत होतं ते सांगायची, चेंडू रेषेच्या कडेला कसा चाटून गेला ते सांगायची, चुन्याचा लहानसा ढग कसा उठला आणि वाऱ्यानं डावीकडे गेला ते सांगायची. पहिल्या दिवशी नसलेल्या गोष्टी त्यात येऊ लागल्या. ती चांगलं सांगू लागली होती. कधी कधी सांगताना तिला स्वतःला तो ढग दिसायचा, आणि घरी जाताना पुलावर तिला मिस्टर टॅपस्कॉट आठवायचे, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले, बरोबर असलेले.

बाविसाव्या दिवशी हेस्टरला बोलणं जड जात होतं. मिस लेडबिटर पलंगापाशी उभी राहून चमच्यानं पाणी पाजत होती. हेस्टरनं तिचा हात बाजूला सारला. "वन्सं," ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे? त्या दिवशी चुना उडाला होता. मी पाहिला."

"हो का," मिस लेडबिटर म्हणाली आणि एनिडकडे वळून तिनं विचारलं, "खरंच?"

"खरंच," एनिड म्हणाली. "दोघींनीही पाहिला." आणि तिनं चमचा आपल्या हातात घेतला.